डुकरिणीला दहा, मेंढीला एक

नागपूरहून वर्ध्याच्या दिशेने निघाले की रस्त्याकडेला रबारी मेंढपाळांचे कळप लागतात. उंटावर खाटा आणि संसार बांधलेला, मागे मेंढ्यांचा जथा. नीट पाहिले तर व्यालेल्या मेंढीच्या मागे बहुतेक वेळा एकच कोकरू चाललेले असते. नागपूर शहरात एखाद्या नाल्याकाठी डुकरीण दिसते, तर तिच्यामागे सात-आठ पिल्ले धावत असतात. आणि शेजारी बांधलेल्या शेळीला दोन करडे झाली, तर त्याचे कोणाला नवल वाटत नाही. तिघीही खुरांच्या, तिघीही आपल्या पिल्लांना दूध पाजणाऱ्या. मग एकीला एक, दुसरीला दोन आणि तिसरीला आठ-दहा, हे ठरते कुठे?

पशुपालकाच्या घरात हा प्रश्न रोजच्या भाकरीचा असतो. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिच्या विक्रीतून आता फारसे हाती लागत नाही. पैसा येतो तो तीन-चार महिन्यांचे कोकरू विकून. मेंढीमागे एक कोकरू विकायला मिळते की दीड, यावर त्या घराचे वर्ष ठरते. डुक्करपालनातही तेच गणित आहे, फक्त आकडा मोठा. म्हणूनच वेताला किती पिल्ले व्हावीत आणि ती कशी वाढवता येतील, या प्रश्नावर जगभरच्या पशुजनुकशास्त्रज्ञांनी आयुष्ये खर्ची घातली आहेत. त्यांतल्या एका शास्त्रज्ञाचे काम आपल्याच राज्यात, सातारा जिल्ह्यातल्या फलटणला झाले आहे. डॉ. चंदा निंबकर यांचे हे काम महाराष्ट्रात जितके माहीत असायला हवे तितके नाही. त्याचे मोल कळण्यासाठी आधी डुकराकडे वळावे लागते. वेताचा आकार वाढवण्याच्या खटपटीत शास्त्राने जे धडे घेतले, त्यांतले बरेचसे डुकराने दिले आहेत.

अंडाशयात काय घडते?

मादीच्या अंडाशयात हजारो बीजांडे असतात. प्रत्येक बीजांडाभोवती पेशींचे वेष्टन असते आणि वाढताना त्यात द्रव भरून लहानशी पिशवी तयार होते. तिला पुटिका म्हणतात. मादी माजावर येण्याआधी काही पुटिका एकाच वेळी वाढू लागतात. त्यांना वाढवणारे संप्रेरक मेंदूच्या बुडाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून येते. त्याचे नाव एफएसएच.

मेंढीत या पुटिकांपैकी एखादी इतरांच्या थोडी पुढे निघते. मोठी होताना ती स्वतः इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन ही दोन संप्रेरके सोडू लागते. ती रक्तातून पीयूष ग्रंथीकडे पोचली की एफएसएचचा पुरवठा घटतो. पुरवठा घटला की मागे राहिलेल्या पुटिका उपाशी पडतात आणि सुकून जातात. पुढे गेलेली मात्र तोवर इतकी तयार झालेली असते की ती एलएच नावाच्या दुसऱ्या संप्रेरकावर तग धरते. शेवटी ती एकटीच फुटते, एकच बीजांड बाहेर पडते आणि एकच कोकरू जन्मते.

डुकरिणीत ही छाटणी एवढी कठोर नसते. एका माजात तिच्या दोन्ही अंडाशयांतून मिळून पंधरा-वीस बीजांडे सुटतात. त्यांना सामावून घेणारे गर्भाशयही तसेच असते. त्याची दोन शिंगे आतड्यासारखी लांब, प्रत्येक एक मीटरहून अधिक. त्यात गर्भ ओळीने बसतात. काही मध्येच जिरतात आणि ११४ दिवसांनी, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी, दहा-बारा पिल्ले बाहेर येतात. हा आकडा यॉर्कशायरसारख्या सुधारित जातीचा. आपल्याकडच्या मोकाट देशी डुकरिणीला कमी होतात.

थोडक्यात, मेंढी आणि डुकरीण यांच्यातला मुख्य फरक एकाच टप्प्यावर आहे: वाढू लागलेल्या पुटिकांपैकी किती शेवटपर्यंत टिकू द्यायच्या. हा टप्पा जनुकांच्या ताब्यात असतो. जनुक म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या लांब साखळीचा एक तुकडा. एखादे प्रथिन कसे बनवायचे याची सूचना त्यात साठवलेली असते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून.

डुकरांत जनुक शोधणाऱ्यांना काय सापडले?

वेताचा आकार ही हट्टी गोष्ट आहे. डुकराची पाठीवरची चरबी कमी करायची असेल तर कमी चरबीचे नर-मादी निवडत जावे. काही पिढ्यांत फरक दिसतो, कारण चरबीतला बराच भाग आनुवंशिक असतो. पिल्लांच्या संख्येचे तसे नाही. एका डुकरिणीला बारा आणि दुसरीला आठ झाली, तर त्या फरकातला जेमतेम दहा टक्के भाग आनुवंशिक गुणांचा असतो. उरलेला खाद्य, वय, उन्हाळा, नराचे वीर्य आणि निव्वळ योगायोग यांचा. बारा देणारीच्या लेकीला बारा होतीलच असे नसते. नुसत्या डोळ्यांनी निवड करणारा शेतकरी इथे फसतो.

म्हणून शास्त्रज्ञांना एक आशा होती. एखादे मोठे जनुक सापडले, ज्याच्या एकट्याच्या जोरावर पिल्ले वाढतात, तर रक्ताच्या थेंबावरून निवड करता येईल. चीनमध्ये मेइशान नावाची सुरकुतलेल्या तोंडाची, लोंबत्या कानांची डुकरे आहेत. त्यांना युरोपीय जातींपेक्षा तीन-चार पिल्ले जास्त होतात. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले मॅक्स रॉथशिल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी या डुकरांवर काम केले. इस्ट्रोजेन जिथे चिकटते त्या प्रथिनाच्या जनुकाचे एक रूप मोठ्या वेतांशी जोडलेले आहे, असे त्यांनी १९९६ मध्ये दाखवले. मेइशान रक्ताच्या डुकरिणींत या रूपाच्या दोन प्रती असल्या तर पहिल्या वेताला दोनहून अधिक पिल्ले जास्त, असा तो निष्कर्ष होता. मात्र इतर देशांतल्या कळपांवर तीच चाचणी लावली तेव्हा कुठे परिणाम दिसला, कुठे अगदीच दिसला नाही. डुकरिणीच्या वेताचा आकार शेकडो जनुके मिळून ठरवतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा वाटा चिमूटभर असतो, हे त्यानंतरच्या संशोधनातून पक्के होत गेले. रॉथशिल्ड यांचे काम त्यामुळे वाया गेले असे मी मानत नाही. पशुपैदाशीत डीएनए चाचणी रोजच्या वापरात आणण्याची वाट अशाच कामांनी पाडली.

दुसरा धडा अधिक कडू होता. अंगावर भरपूर मांस असलेली, चरबी कमी असलेली डुकरे निवडता निवडता युरोप-अमेरिकेत एक विचित्र प्रकार दिसू लागला. गाडीत चढवताना, गर्दीत किंवा उकाड्यात काही डुकरे एकाएकी ताठ होत, अंग तापे आणि ती जागेवर मरत. जी कत्तलखान्यापर्यंत पोचत त्यांचे मांस फिके, लिबलिबीत आणि पाणी सुटणारे निघे. १९९१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड मॅक्लेनन यांच्या गटाने कारण शोधले. स्नायूंच्या पेशीत कॅल्शियम सोडणाऱ्या दाराचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात डीएनएचे एकच अक्षर बदललेले होते. दार एकदा उघडले की मिटत नसे आणि स्नायू आखडलेलेच राहत. हाच बदल डुकराला थोडे जास्त मांसल बनवत असल्यामुळे पैदासकारांनी नकळत तोच निवडत नेला होता. हे दुखणे आपल्याच हातांनी पसरवले गेले, आणि चाचणी हाती आल्यावर ते काढून टाकणेही जमले. एकाच गुणाच्या मागे लागले की त्याच्याबरोबर काय काय येते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आणखी एक नवल सांगण्यासारखे आहे. डुकरांत आयजीएफ-२ नावाच्या जनुकातला एक बदल स्नायू वाढवतो, पण तो बापाकडून आला तरच. आईकडून आलेली या जनुकाची प्रत स्नायूंत बंद ठेवलेली असते. २००३ मध्ये हा बदल नेमका कुठे आहे ते कळले. चांगला वराह निवडण्यावर पैदासकार एवढा भर का देत आले, त्याला या एका जनुकापुरते तरी अक्षरशः समर्थन मिळाले.

बंगालहून सिडनीला गेलेली मेंढी

डुकरांत जे एक मोठे जनुक शोधूनही हाती लागले नाही, ते मेंढ्यांत सापडले, आणि त्याचा माग भारतापर्यंत येऊन पोचला.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स प्रांतात कूमा गावाजवळ बुरूला नावाचे एक मेंढीफार्म होते. तिथल्या सीअर्स बंधूंच्या मेरिनो कळपात जुळी-तिळी कोकरे असाधारण प्रमाणात जन्मत. मेरिनो ही लोकरीची मेंढी. जास्त कोकरांसाठी तिचे नाव नाही. १९५८ पासून तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने, सीएसआयआरओने, या कळपातली जनावरे घेऊन अभ्यास सुरू केला. हा गुण एकाच जनुकाच्या जोरावर चालत असावा, हे १९८०च्या सुमारास पाइपर आणि बिंडन या शास्त्रज्ञांनी मांडले. पुढे त्या जनुकाला फेक-बी हे नाव मिळाले.

पण मेरिनोत ते आले कुठून? ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीच्या अगदी सुरुवातीला, १७९२ आणि १७९३ मध्ये, कोलकात्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने सिडनीला गेल्या होत्या. त्यांचे रक्त त्या कळपात उतरले असावे, असा तर्क हेलन न्यूटन टर्नर यांनी १९८२ मध्ये केला. बंगालमध्ये सुंदरबनात आजही गारोल नावाची मेंढी आहे. वजन अवघे दहा-पंधरा किलो, गुडघाभर चिखलात उभी राहून चरणारी, आणि जुळी-तिळी देणारी. २००१ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तीन गटांनी फेक-बीचे नेमके ठिकाण शोधले आणि २००२ मध्ये गारोल मेंढीतही तोच बदल असल्याचे प्रसिद्ध झाले. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या जहाजावरून काय गेले होते, ते डीएनएने सांगितले.

आता हे जनुक करते काय ते पाहू. बीएमपीआर-१बी नावाचे प्रथिन पुटिकेच्या पेशींवर बसलेले असते. पुटिकेने लवकर पिकू नये, असा निरोप ते आत पोचवते. फेक-बीमध्ये या प्रथिनाच्या साखळीतला २४९वा दुवा बदललेला असतो. त्यामुळे निरोप नीट पोचत नाही. पुटिका लहान असतानाच पिकतात, एलएचवर तग धरायला शिकतात आणि एफएसएचचा पुरवठा घटला तरी मरत नाहीत. अशा दोन-तीन लहान पुटिका मिळून जेवढे इस्ट्रोजेन सोडतात, ते साध्या मेंढीतल्या एका मोठ्या पुटिकेएवढेच भरते. म्हणजे पीयूष ग्रंथीला सारे नेहमीसारखेच वाटते, आणि बीजांडे मात्र एकाऐवजी दोन-तीन सुटतात. जीवशास्त्रात इतकी देखणी यंत्रणा क्वचित पाहायला मिळते.

फलटणला काय केले?

बनविहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. तिचे ‘नारी’ हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव अधिक रुळले. चंदा निंबकर या त्यांच्या कन्या आणि इरावती कर्वे यांची नात. पशुजनुकशास्त्रातली डॉक्टरेट त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठातून घेतली आणि काम फलटणलाच केले. आजूबाजूचा मुलूख धनगरांचा. लोणंदचा जनावरांचा बाजार जवळच. सगळीकडे दख्खनी मेंढी: काटक, लांब चालणारी, दुष्काळात टिकणारी, आणि जवळजवळ नेहमी एकच कोकरू देणारी.

गारोलमधले जनुक दख्खनीत आणायचे होते. पण नुसता गारोल मेंढा दख्खनी मेंढीला लावला तर जनुकाबरोबर गारोलचे दहा-पंधरा किलोचे अंगही येते. धनगराला ते नको. त्याला दख्खनीचे अंग, दख्खनीचे पाय हवेत. गारोलकडून हवी ती फक्त एक सूचना.

नागपूरकराला ही अडचण संत्र्यावरून लगेच समजेल. संत्र्याचे कलम करताना जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बांधतात. मुळे जंबेरीची राहतात, फळ संत्र्याचे येते आणि दोहोंची सरमिसळ होत नाही. जनावराला असे कलम बांधता येत नाही. संकर केला की अर्धे रक्त याचे, अर्धे त्याचे, आणि ते अंगात सगळीकडे. कलमात एका दुपारी जे साधते, त्यासाठी जनावरात पिढ्यांमागून पिढ्या घालवाव्या लागतात.

ती रीत अशी. पहिल्या संकरातली पिल्ले निम्मी गारोल. त्यांतली फेक-बी असलेली निवडून पुन्हा दख्खनीशी जोडायची; आता गारोलचा वाटा चौथाई. पुन्हा निवड, पुन्हा दख्खनी. वाटा आठवा हिस्सा. दर पिढीला गारोलचे रक्त निम्मे होत जाते, पण ते एक जनुक मात्र हातातून निसटू द्यायचे नाही. हे सोपे नाही, कारण प्रत्येक वेळी निम्म्याच पिल्लांत ते उतरते. कोणत्या निम्म्या, हे अंगावर पाहून ओळखू येत नाही. मेंढ्यावर तर मुळीच नाही, कारण तो स्वतः वीत नाही. जनुकाचे ठिकाण कळण्याआधी मेंढ्याच्या लेकी मोठ्या होऊन विण्याची वाट पाहावी लागे. २००१ नंतर रक्ताच्या थेंबावर चाचणी शक्य झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ‘नारी’च्या मेंढ्यांसाठी ती केली. या प्रकल्पाला ऑस्ट्रेलियाच्या ‘एसीआयएआर’ या संस्थेचे सहकार्य होते आणि तिथल्या विद्यापीठांतले शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते.

यातून जी मेंढी तयार झाली तिचे नाव ‘नारी सुवर्णा’. जुळ्यांना दूध पुरावे म्हणून तिच्यात इस्राएलमधल्या आवासी या दुधाळ जातीचेही रक्त मिसळले गेले. वाचकांच्या मनात एक शंका येईल, तिचे उत्तर इथेच देतो: या मेंढीत प्रयोगशाळेतून कोणतेही जनुक घुसवलेले नाही. सगळे साध्या संकरातून झाले. प्रयोगशाळेने फक्त कोणते कोकरू ठेवायचे ते सांगितले.

चौकट : दोन प्रतींचा हिशेब

फेक-बीची एकही प्रत नसलेल्या मेंढीला बहुधा एकच कोकरू होते.
एक प्रत असली तर जुळ्यांचे प्रमाण बरेच वाढते.
दोन प्रती असल्या तर तिळ्यांची शक्यता वाढते, आणि ती मेंढपाळाला नको असतात.
दोन प्रती असलेला मेंढा साध्या मेंढ्यांना लावला तर प्रत्येक लेकीत एक प्रत हमखास येते. म्हणून मेंढपाळाला द्यायचा मेंढा दोन प्रतींचा हवा.
एक प्रत असलेले मेंढा-मेंढी एकत्र आले तर सरासरी चारांतल्या एका कोकरात दोन प्रती येतात. असे मेंढे निवडून पैदाशीसाठी तयार करतात.

जन्मली किती आणि जगली किती

माझ्या मते डॉ. निंबकर यांच्या कामाचे खरे मोल या पुढच्या भागात आहे. प्रयोगशाळेच्या कळपात जुळी जन्मली म्हणून त्या थांबल्या नाहीत. दोन प्रतींचे मेंढे त्यांनी परिसरातल्या धनगरांच्या कळपांत सोडले, त्यांच्या लेकी तिथेच वाढल्या, आणि त्यांची वेते, कोकरांची वजने, मृत्यू, विक्री यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली. तिथे एक प्रत असलेल्या मेंढ्यांना सरासरी दीडच्या आसपास कोकरे झाली, तर साध्या दख्खनीला एक. जुळ्यांतले प्रत्येक कोकरू एकट्या कोकरापेक्षा हलके भरते, पण दोघांचे मिळून वजन एकट्यापेक्षा जास्त होते, आणि बाजारात पैसे त्या एकूण वजनाचेच येतात. नोव्हेंबर २००८ मध्ये या जनुकावर पुण्यात आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली, तेव्हा भारतातल्या मेंढपाळांच्या कळपांतला हा अनुभव जगापुढे आला.

दीड हा आकडा कोणाला लहान वाटेल. तो लहान आहे यातच शहाणपण आहे. रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या कळपात तिळी कोकरे म्हणजे संकट. मेंढीला दोनच सड. तिसरे कोकरू उपाशी राहते, आणि त्याला बाटलीने दूध पाजायला, वाटेत उचलून न्यायला कोणाचे तरी हात अडकतात. बहुतेक वेळा घरच्या बाईचे. जुळ्यांसाठीही गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात थोडा अधिक खुराक द्यावा लागतो आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत दोन्ही कोकरांना चीक मिळाला की नाही ते पाहावे लागते. ही काळजी घेणाऱ्या कळपात जुळी फायद्याची ठरतात. जिथे ती घेता येत नाही तिथे जनुक असूनही पदरात काही पडत नाही.

हाच मुद्दा जगातल्या सर्वांत पुढारलेल्या डुक्करपालनाला फार उशिरा कळला. डेन्मार्कमध्ये १९९०च्या दशकात वेताला जास्तीत जास्त पिल्ले या एकाच ध्येयाने निवड केली गेली. हजारो डुकरिणींच्या नोंदी संगणकावर एकत्र केल्या की तो दहा टक्के आनुवंशिक वाटाही हाती लागतो, त्यामुळे पिल्ले झपाट्याने वाढली. पण ती दुबळी जन्मू लागली, काही मृतच निघत, आणि पिल्लांपेक्षा सड कमी पडू लागले. अखेर २००४ मध्ये डॅनिश पैदासकारांनी मोजमापच बदलले: जन्मलेली पिल्ले न मोजता पाचव्या दिवशी जिवंत असलेली मोजायची. फलटणला कोकरू मोजले जात होते ते धनगराच्या कळपात, दूध तुटेपर्यंत आणि विक्रीपर्यंत. एवढ्याशा संस्थेने, इतक्या कमी जनावरांवर, हे भान सुरुवातीपासून ठेवले याचे मला फार अप्रूप वाटते.

विदर्भात याचे काय करायचे?

नागपूर ही राज्याची पशुविज्ञानाची राजधानी म्हणायला हरकत नाही. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय २००० पासून इथे आहे आणि सेमिनरी हिल्सवरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून. विदर्भाची स्वतःची जनावरेही आहेत: गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस, बेरारी शेळी. चंद्रपूर-गडचिरोलीकडे कुरमार समाज पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखतो. डुकरे मात्र बहुतांशी मोकाट. शहरातल्या काळ्या डुकरिणीमागे पांढरी पिल्ले दिसली तर बापाकडे यॉर्कशायर रक्त आहे असे समजावे, कारण तो पांढरा रंग काळ्यावर मात करतो. पण त्या नराचे मूळ, त्या डुकरिणीची मागची वेते, यांची नोंद कोणाकडेच नसते.

देशात २०१९च्या पशुगणनेत सुमारे ९० लाख डुकरे मोजली गेली, आधीच्या गणनेपेक्षा १२ टक्के कमी. ईशान्येत आणि गोव्यात देशी डुकरांना जात म्हणून मान मिळाला. उत्तर बंगालचे घुंगरू, मेघालयचे न्यांग मेघा, काणकोणकडचे आगोंदा गोवन यांची राष्ट्रीय पातळीवर जाती म्हणून नोंद झाली. गुवाहाटीजवळ राणी इथे २००२ पासून डुकरांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तिथे डुक्कर हे घरचे धन आहे. आपल्याकडे ते नगरपालिकेच्या तक्रारवहीतले नाव आहे, आणि ज्या समाजांनी ते पाळले त्यांच्या वाट्याला आलेली हेटाळणी त्या जनावराच्या संशोधनालाही भोवली, असे मला वाटते. मोकाट डुकराची पैदास सुधारता येत नाही. नर कोणता, हे माहीत नसेल तर निवड कशाची करणार? त्यात २०२०पासून आफ्रिकन स्वाइन फिव्हर देशात शिरला आहे. तो एकदा कळपात आला की बहुतेक डुकरे दगावतात. मोकाट डुकरांत तो आवरणे जवळजवळ अशक्य. पैदास असो वा रोग, सुरुवात डुकरासाठी निवारा आणि वही यांपासूनच होते.

फलटणचा मेंढा जसाच्या तसा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आणावा, असे मी म्हणणार नाही. तिथला पाऊस, तिथला चारा, तिथले जंत वेगळे. कुरमारांच्या मेंढीत काय आहे आणि काय नाही, ते आधी पाहिले पाहिजे. फलटणहून घ्यायची आहे ती कामाची पद्धत: स्थानिक जनावर हातचे जाऊ द्यायचे नाही, बाहेरून हवे तेवढेच घ्यायचे, आणि निकाल पाळणाऱ्याच्या दारात मोजायचा. विद्यापीठाने आणि जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने पाच-पन्नास कुरमार कुटुंबांच्या कळपांत साधी वेतनोंद सुरू केली, तरी दोन-तीन वर्षांत कामाला लागण्याजोगी माहिती जमेल. त्यासाठी महाग यंत्रे लागत नाहीत. कानात बिल्ला, एक वजनकाटा आणि महिन्यातून एकदा येणारा माणूस पुरतो.

पशुपालक वाचकांना एकच सांगणे आहे. पैदाशीसाठी मेंढा, बोकड किंवा वराह विकत घेताना त्याचे अंग, रंग आणि शिंगे पाहून थांबू नका. त्याच्या आईला किती वेते झाली आणि त्यांतली किती पिल्ले दूध तुटेपर्यंत जगली, हे विकणाऱ्याला विचारा. तो सांगू शकला नाही तर नर दुसरीकडे शोधा, आणि स्वतःच्या कळपाची अशी वही आजच सुरू करा.